मिश्र पशुपालनाचे कौटुंबिक कृषी पर्यटन केंद्र

एकाच कुटुंबाच्या शेतावर गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या व कोंबड्या एकत्र सांभाळल्या जातात आणि शुल्क घेऊन पाहुण्यांना तेथे दिवसभर किंवा मुक्कामी राहू दिले जाते, तेव्हा त्या शेताला मिश्र पशुपालनाचे कृषी पर्यटन केंद्र म्हणता येते. जनावरांपासून मिळणारे दूध, अंडी, करडे व शेणखत हा अशा कुटुंबाचा मूळ धंदा असतो आणि पर्यटन हा त्याला जोडलेला व्यवसाय असतो. हा क्रम उलटला, म्हणजे खोल्यांच्या भाड्यावर घर चालू लागले आणि चार जनावरे छायाचित्रांपुरती दावणीला उरली, की ते शेत राहत नाही. इटलीने १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा स्वतंत्र कायदा केला व २००६ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आणला. शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, ही अट दोन्ही कायद्यांत आहे. महाराष्ट्रात २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरातून या कल्पनेचा संघटित प्रसार सुरू केला. २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले आणि त्यानुसार केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होऊ लागली.

निरनिराळी जनावरे एकत्र ठेवण्यामागे जुना व्यवहार आहे. दुधाचा पैसा डेअरीकडून बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी येतो व घरखर्च भागवतो. शेळी अडीअडचणीला विकता येते, म्हणून तिला गरिबाची गाय म्हटले जाते. कोंबड्या गोठ्यात सांडलेले दाणे व किडे टिपतात आणि सगळ्यांचे खत पिकांकडे जाते. जाती प्रदेशानुसार बदलतात. माणदेशात खिल्लार, अकोले-इगतपुरीच्या पावसाळी डोंगरपट्ट्यात डांगी, मराठवाड्यात देवणी व लाल कंधारी, विदर्भात गवळाऊ अशी गाईगुरे दिसतात; म्हशींत पंढरपुरी व नागपुरी, शेळ्यांत उस्मानाबादी, संगमनेरी व कोकण कन्याळ या जाती प्रसिद्ध आहेत. दूधधंद्यासाठी मात्र बहुतेक गोठ्यांत होल्स्टिन फ्रिजियन किंवा जर्सीच्या संकरित गाई असतात. पाहुण्यांना देशी गाय दाखवायची आणि डेअरीला संकरित गाईचे दूध घालायचे, असे अनेक ठिकाणी चालते. त्यात काही गैर नाही, फक्त ते पाहुण्यांना सरळ सांगितलेले बरे.

दिवसाचे वेळापत्रक जनावरे ठरवतात. पहाटे शेण काढणे, गव्हाणी झाडणे, आंबोण (पेंड-भरड्याचे खाद्य) ठेवणे आणि मग धारा, असा क्रम असतो. दोन धारांमध्ये शक्य तितके बारा तासांचे अंतर राखावे लागते, त्यामुळे रात्री पाहुण्यांच्या पंगती कितीही लांबल्या तरी पहाटेची वेळ ढळत नाही. दूध संकलन केंद्रावर वेळेत पोहोचवावे लागते आणि तेथे फॅट (स्निग्धांश) व एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) तपासून दर ठरतो. त्यानंतर चारा कापणे, कडब्याची कुट्टी करणे, शेळ्या चरायला सोडणे, आजारी जनावराकडे पाहणे ही कामे संध्याकाळच्या धारेपर्यंत चालतात.

धार काढताना पाहणे ही पाहुण्यांची सर्वांत मोठी हौस असते आणि नेमकी तीच वेळ सर्वांत नाजूक असते. वासराला आधी थोडे पाजले, कास कोमट पाण्याने धुतली, की ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे गाय पान्हा सोडते. त्याचा परिणाम जेमतेम पाच-सात मिनिटे टिकतो आणि तेवढ्यात धार आटोपावी लागते. अनोळखी माणसांचा घोळका, मुलांचा ओरडा किंवा कॅमेऱ्याचा लख्ख प्रकाश यांनी गाय बिथरली, तर ॲड्रिनलिनमुळे पान्हा अडतो व गाय दूध चोरते. दूध कमी मिळाल्याचे नुकसान तर होतेच, शिवाय कासेत दूध राहिल्याने स्तनदाहाचा, म्हणजे कासेला सूज येण्याचा, धोका वाढतो. म्हणून जाणती कुटुंबे पाहुण्यांना गोठ्याच्या कडेला शांत उभे करतात आणि बहुतेक दूध काढून झाल्यावर एखाद्या थंड स्वभावाच्या, माणसाळलेल्या गाईचे शेवटचे दोन पिळे त्यांना घेऊ देतात.

वीण पाहायला मिळणे हा योगायोग असतो. गाय सुमारे २८० दिवसांनी, म्हैस सुमारे ३१० दिवसांनी व शेळी सुमारे १५० दिवसांनी विते. कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत बाहेर येतात. वासराला जन्मानंतर पहिल्या काही तासांत चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, मिळणे आवश्यक असते, कारण त्याची रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच येते. खरवसाची मागणी पाहुण्यांकडून हमखास होते. वासराचे पोट भरून उरलेल्या चिकाचाच खरवस करावा, हा नियम पाळणारे घर चांगले समजावे.

पाहुण्यांनी प्रेमाने भरवलेल्या अन्नाने जनावरे आजारी पडतात, ही या व्यवसायातील नित्याची अडचण आहे. शिळ्या पोळ्या, भात, गूळ, धान्य एकदम पोटात गेले की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्लता वाढते, रवंथ बंद पडतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास जनावर दगावते. पोळ्याच्या सणाला पुरणपोळी खाऊन बैल आजारी पडल्याच्या तक्रारी पशुवैद्यकांना ओळखीच्या आहेत. मुले बांधावरून ज्वारीचे कोवळे फुटवे उपटून शेळ्यांपुढे धरतात. या फुटव्यांतील सायनाइडमुळे विषबाधा होऊ शकते. त्यामुळे पाहुण्यांसाठी कापलेल्या गवताची किंवा लसूणघासाची टोपली वेगळी ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

रोगप्रसाराचा प्रश्न याहून गंभीर आहे. लाळ्या खुरकुताचे विषाणू बूट, कपडे व वाहनांच्या चाकांवरून येतात, म्हणून प्रवेशापाशी धुण्याच्या सोड्याचे चार टक्के द्रावण ठेवतात आणि त्याच दिवशी दुसऱ्या गोठ्यात जाऊन आलेल्यांना आत घेत नाहीत. पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींना घटसर्प व फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार यांच्या लसी दिल्या जातात. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग पसरल्यावर राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. उलट दिशेनेही संसर्ग होतो: न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूजन्य तापाचा आजार होऊ शकतो, म्हणून धारोष्ण दूध पाहुण्यांना देऊ नये. जनावरांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे असावे आणि गर्भवती स्त्रियांनी विणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांपासून दूर राहावे.

पाहुण्यांची गर्दी हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसांत, शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत होते. मजूर सुट्टीवर जातात तेही दिवाळीतच. वसुबारसेला गाय-वासराची पूजा पाहण्यासाठी शहरातील कुटुंबे मुद्दाम येतात. या काळात गोठा, चूल आणि पाहुण्यांचे अंथरूण-पांघरूण ही तिन्ही कामे बहुधा घरातील स्त्रियांवर पडतात. पर्यटनाच्या उत्पन्नात त्यांच्या नावे काय जमा होते, हे पाहिल्याशिवाय अशा केंद्राचा ताळेबंद पुरा होत नाही.

सर्वांत अवघड विषय नर वासरांचा आहे. शेतीकामात ट्रॅक्टर आल्यामुळे संकरित गोऱ्ह्याला मागणी राहिली नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने त्याला आयुष्यभर पोसणे कुटुंबाला परवडत नाही. खिल्लार खोंडाला शर्यतींमुळे किंमत येते, इतरांना येत नाही. बोकड ईदपूर्वी विकले जातात आणि मागच्या भेटीत नाव ठेवलेले करडू कोठे गेले, असे लहान पाहुणे विचारतात. त्यांना खरे उत्तर देण्याची पद्धत काही कुटुंबांनी पाडली आहे व ती योग्य आहे. गाईंसाठी आता लिंगनिर्धारित रेतमात्रा, म्हणजे मुख्यतः मादी वासरेच जन्मावीत अशा कृत्रिम रेतनाच्या मात्रा, उपलब्ध आहेत. त्यांच्या वापराने जन्मणाऱ्या वासरांत सुमारे ९० टक्के कालवडी असतात.