स्तनाच्या कर्करोगाची सुरुवात आणि प्रथिने कापणारी विकरे

कर्करोगाच्या संदर्भात प्रथिने कापणाऱ्या विकरांचा, म्हणजेच प्रोटीएझ एन्झाइमांचा, उल्लेख बहुधा रोग पसरण्याच्या टप्प्यावर येतो: गाठीतील पेशी ही विकरे सोडतात, भोवतालची ऊती विरघळते आणि पेशींना रक्तवाहिन्यांकडे वाट मिळते. हे खरेच आहे. परंतु त्यावरून ही विकरे रोगाच्या उत्तरार्धातच काम करतात असा समज रूढ झाला आहे आणि तो चुकीचा आहे.

स्तनातील दुग्धनलिकेत आतल्या बाजूस अस्तराच्या पेशी असतात, त्यांच्याभोवती आकुंचन पावून दूध पुढे ढकलणाऱ्या पेशी असतात आणि या दोन्ही थरांना कोलॅजन व लॅमिनिन या प्रथिनांचे आधारपटल वेढून असते. बाळाचे दूध तुटले की वाढलेली ग्रंथी पुन्हा आटते. तेव्हा हे पटल मोडून नव्याने रचण्याचे काम मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेझ (एमएमपी) या कुळातील विकरे करतात. या कुळातील पहिले विकर १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना बेडकाच्या पिल्लाची शेपटी झडताना सापडले होते.

अशा विकराच्या केंद्रस्थानी जस्ताचा एक अणू असतो. विकर तयार होते तेव्हा त्याच्याच साखळीच्या एका टोकाला असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लातील गंधक त्या जस्ताला जखडून ठेवते. ते टोक कापले गेले की जस्तापाशी पाण्याचा रेणू येऊन बसतो आणि त्याच पाण्याने समोरच्या प्रथिनातील बंध तुटतो. म्हणजे कुलूप विकराच्या अंगातच असते. शिवाय सुटलेल्या विकराला आवर घालणारी टिम्प नावाची प्रथिनेही ऊतीत असतात.

हा आवर सुटला तर काय होते, हे १९९९ मध्ये झीना वर्ब आणि मीना बिसेल यांच्या गटांनी उंदरांवर दाखवले. त्यांनी एमएमपी-३ हे विकर आपोआप कार्यरत होईल अशा रूपात केवळ स्तनग्रंथीत निर्माण होऊ दिले. भोवतालची संयोजी ऊती आधी बदलली, मग ग्रंथीत कर्कपूर्व बदल दिसले आणि काही उंदरांना कर्करोग झाला. सोबत टिम्प-१ निर्माण करणाऱ्या उंदरांत हे बदल आढळले नाहीत.

यामागची साखळी मला विलक्षण वाटते. एमएमपी-३ शेजारच्या पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कापते. पेशींची पकड सुटते, त्यांचा आकार पालटतो आणि त्यांच्यात आरएसी-१-बी हे एरवी क्वचित आढळणारे प्रथिन तयार होऊ लागते. त्यामुळे मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजनची क्रियाशील रूपे वाढतात आणि ती डीएनएला इजा करतात, असे २००५ मध्ये दाखवले गेले. म्हणजेच पेशीबाहेरचे एक विकर पेशीच्या आतील जनुकांत बिघाड घडवू शकते.

पपईच्या किंवा अननसाच्या विकरांच्या गोळ्या ‘कर्करोगाची गाठ विरघळवतात’ असे सांगून विकल्या जातात. रुग्णाने त्यांच्यापायी उपचार लांबवणे घातक आहे. या दाव्याला कोणताही भरवशाचा आधार नाही.

विकरे रोखणारी औषधेही सोपी ठरली नाहीत. मॅरिमास्टॅट जवळजवळ संपूर्ण कुळालाच अडवत असे, त्यामुळे रुग्णांचे सांधे दुखू लागले, आणि चाचण्या मुख्यतः रोग खूप पुढे गेलेल्या रुग्णांवर झाल्या. शिवाय एमएमपी-८ सारखी काही विकरे उलट गाठीला आळा घालतात, असे उंदरांत दिसले आहे. म्हणून आता अख्ख्या कुळाऐवजी नेमके एकेक विकर अडवणारी प्रतिपिंडे शोधली जात आहेत.