दंडावरची ती चकती: पॉड की सेन्सर?

लोकलमध्ये कुणाच्या दंडावर पांढरी चकती दिसली की शेजारून हमखास प्रश्न येतो, "हे शुगरचं मशीन ना?" उत्तर "हो" असतं, पण मशीनं दोन आहेत आणि लोक सर्रास एकाला दुसरं समजतात. एक पॉड, म्हणजे बाहेर लोंबणारी नळी नसलेला इन्सुलिन पंप. दुसरा सेन्सर, म्हणजे सतत साखर मोजणारं सीजीएम. दोन्ही अंगाला चिकटवायची, दोन्ही ठरावीक दिवसांनी काढून नवीन लावायची, दोन्हींचा आकडा फोनवर किंवा हातातल्या रिमोटवर येतो. काम मात्र पूर्ण वेगळं. पॉड इन्सुलिन देतो, पण अंगात साखर किती आहे हे त्याला कळत नाही. सेन्सर साखर सांगतो, पण इन्सुलिनचा एक थेंबही देत नाही. "सेन्सर लावला, आता इंजेक्शनं बंद ना?" हा प्रश्न केमिस्टच्या काउंटरवर खरोखर विचारला जातो. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही) असलेल्याने या समजुतीवर इन्सुलिन थांबवलं तर गाठ थेट आयसीयूशी.

हातात घेतलं की फरक लगेच कळतो. सेन्सर दहाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा आणि साधारण ५ मिमी जाड असतो. शर्टाच्या बाहीखाली सहज लपतो. पॉड त्यापेक्षा बराच दांडगा. ओम्नीपॉड हा या जातीतला सगळ्यात जुना, त्याला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेची, मान्यता २००५ साली मिळाली. तो सुमारे ५ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, दीड सेंमी उंच आणि रिकामा असताना २६ ग्रॅमचा. त्याच्या पोटात इन्सुलिनची टाकी, ते ढकलणारी यंत्रणा, बॅटऱ्या आणि कातडीत मऊ नळी घुसवणारी सुई. पॉडचे पुढचे आकडेही ओम्नीपॉडचेच आहेत. दुसऱ्या कंपनीचा पॅच पंप, म्हणजे असाच चिकटवायचा पंप, असेल तर त्याचं माहितीपत्रक प्रमाण माना.

आधी पॉड, कारण जास्त चुका तिथेच होतात.

पॉडमध्ये फक्त जलद इन्सुलिन भरतात: अ‍ॅस्पार्ट, लिस्प्रो वगैरे. तेच थेंबाथेंबाने दिवसभर जातं (बेसल) आणि जेवताना एकदम जातं (बोलस). सगळ्यात लहान पायरी ०.०५ युनिटची, म्हणजे अर्धा मायक्रोलिटर. इन्सुलिनच्या पेनने एवढं बारीक देणं शक्यच नाही, आणि लहान मुलांना पंपाचा खरा फायदा इथेच होतो. पण याची दुसरी बाजू लक्षात ठेवावी लागते. रात्री घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद केलेलं असतं, त्यामुळे अंगात शिल्लक साठा नसतो. पॉड अडला किंवा उपटला गेला की तीन-चार तासांत साखर चढू लागते आणि मागोमाग कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात साठणारी आम्लं. पेनवाल्याची एक वेळ चुकली तर त्याला थोडी तरी सवड असते. पॉडवाल्याला ती जवळजवळ नसते.

आता भरणं. आपल्याकडे अजून ४० युनिट प्रति मिलीच्या बाटल्या घरोघरी आहेत. पॉड १०० युनिट प्रति मिलीसाठी बनलेला आहे. घरातल्या आजोबांची ४०ची बाटली चुकून पॉडमध्ये गेली तर पॉड स्क्रीनवर १ युनिट दाखवेल आणि अंगात ०.४ जाईल. अलार्म वाजणार नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने सगळं सुरळीत चाललेलं असतं. उलटी चूक जास्त घातक. पॉड बिघडला म्हणून घाईत १००च्या बाटलीतून लाल टोपीच्या ४०वाल्या सिरिंजने इन्सुलिन ओढलं, तर रेघेवर १० दिसतं आणि जातात २५ युनिट. पॉडवाल्याच्या घरात नारिंगी टोपीची १००वाली सिरिंज वेगळ्या डब्यात असावी, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात "१००" लिहिलेलं असावं.

बाटली भरण्याआधी फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड इन्सुलिन नंतर गरम होताना त्यातली विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. १० मायक्रोलिटरचा बुडबुडा म्हणजे १ युनिट गायब, आणि लहान मुलाला १ युनिट म्हणजे पाव जेवणाचा डोस. सिरिंजवर टिचक्या मारून हवा वर आणा, बाटलीत परत ढकला, मग पॉडच्या भरण्याच्या छिद्रात सिरिंज सरळ उभी धरून हळू भरा. ८५ युनिटच्या आसपास पॉड दोनदा 'बीप' करतो. त्यापेक्षा कमी भरलं तर तो चालूच होत नाही. कमाल २०० युनिट. रोज ४० युनिट लागत असतील तर तीन दिवसांचे १२० आणि वर थोडे, म्हणजे १३०-१४० पुरतात. रोज १२ युनिट लागणाऱ्या मुलाचं गणित मात्र वाईट: तीन दिवसांत लागतात ३६, भरावे लागतात ८५, उरलेले ४९ कचऱ्यात. उरलेलं इन्सुलिन सिरिंजने काढून पुन्हा वापरायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा, तीन दिवस अंगाच्या उष्णतेत राहिलेलं इन्सुलिन आहे ते.

सुईचं झाकण रिमोट सांगेपर्यंत काढायचं नाही. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, पॉड चिकटवा, बारीक अंग असेल तर कातडी चिमटीत धरा, आणि सुरू करा. 'टक' असा आवाज येतो, सुई जाऊन परत येते, मऊ नळी आत राहते. मग खिडकीतून बघा: गुलाबी खूण दिसली म्हणजे नळी आत गेली आहे. तास-दोन तासांनी पॉडजवळ नाक नेऊन एकदा वास घ्या. इन्सुलिनला फिनेलसारखा एक उग्र वास असतो. तो आला किंवा चिकटपट्टी ओलसर लागली तर नळी कातडीत नाही, बाहेर गळते आहे. ७२ तासांनी पॉड बदलायचा. वर ८ तासांची मुदत मिळते, म्हणजे एकूण ८० तासांनी तो स्वतःच बंद पडतो. ती मुदत अडचणीसाठी आहे, काटकसरीसाठी नाही.

सेन्सरचं काम ऐकायला सोपं आहे. साधारण ५ मिमी लांबीचा केसासारखा तंतू कातडीखाली राहतो. त्यावरचं एन्झाइम ग्लुकोजवर काम करतं, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्याचा आकडा होतो. पण हा तंतू रक्तात नसतो, पेशींमधल्या द्रवात असतो. रक्तातली साखर तिथे पोचायला ५ ते १५ मिनिटं जातात. साखर स्थिर असेल तर हे अंतर जाणवत नाही. साखर झपाट्याने पडत असेल तर सेन्सर ८० दाखवत असताना बोटाच्या रक्तात ६० असू शकते. साखर ७०च्या खाली गेली म्हणून तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यातून घेतली, तर १५ मिनिटांनी बोट टोचून बघा. सेन्सर तेव्हाही खालीच दाखवत असतो, घाबरलेला माणूस आणखी दोन पेढे तोंडात टाकतो, आणि तासाभराने २८० होते.

चढत्या बाजूलाही हेच. वडापाव खाल्ला, बोलस दिला, तासाने सेन्सरचा बाण अजून वरच. इन्सुलिनचा परिणाम तीन-चार तास चालतो हे विसरून दुसरा बोलस, मग तिसरा. मध्यरात्री सगळे एकदम अंगावर येतात. रिमोटवर "अंगात शिल्लक इन्सुलिन" असा एक आकडा असतो. दुसरा बोलस देण्याआधी तो वाचा.

बहुतेक सेन्सरची मुदत जातीनुसार १० ते १५ दिवस. लिब्रे या ब्रँडचा चौदा दिवसांचा सेन्सर लावल्यावर तासाभराने आकडा देऊ लागतो, पण पहिल्या २४ तासांतला आकडा जरा सैलच धरावा. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या मोठ्या मात्रेत, दिवसाला ५०० मिग्रॅच्या वर घेतल्या, तर लिब्रे साखर खोटी वाढवून दाखवू शकतो. सर्दी झाली की चघळायच्या गोळ्या साध्या बडीशेपेसारख्या खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दोन्ही अंगावर असतील तर खरा प्रश्न असा पडतो: स्क्रीनवरचा आकडा विचित्र दिसला तर आधी संशय कुणावर? आकडा चढत गेला आणि बोलस देऊनही उतरत नसेल तर पॉडवर. आकडा अचानक कोसळला आणि माणूस शांत झोपला असेल तर सेन्सरवर. निवाडा दोन्ही वेळा बोटाच्या थेंबाचा, आणि तो थेंब साबणाने हात धुऊन काढलेला. हापूस कापलेल्या बोटाचा थेंब ३०० दाखवतो. सॅनिटायझरने साखर जात नाही. घाम, थरथर, गरगरणं असेल तर मात्र तपासणीत वेळ घालवायचा नाही, आधी साखर खायची.

चढती साखर जास्त नीट समजून घ्या. नवा पॉड लावून दोन-तीन तास झाले, बोटाच्या थेंबात २५०च्या वर, बोलसनेही हलत नाही. बहुतेक वेळा नळी दुमडलेली असते. पॉड अडल्याचा अलार्म देतो, पण आत दाब साठल्यावरच. बेसल कमी असेल तर त्याला काही तास लागतात. म्हणून अलार्मची वाट बघू नका. कीटोन तपासा. साखर उतरवायचा डोस पॉडमधून नाही, पेनने किंवा सिरिंजने घ्या, कारण संशय पॉडवरच आहे. मग पॉड बदला, पाणी प्या आणि दोन तासांनी पुन्हा बघा. रक्तातले कीटोन १.५च्या वर असतील तर डॉक्टरांना फोन. ३च्या वर किंवा उलट्या सुरू असतील तर फोनही नको, सरळ हॉस्पिटल. पॉड काढल्यावर तो उलटून नळी बघा. वाकलेली दिसली तर पुढच्या वेळी जागा बदला, विशेषतः रोज तीच जागा वापरून गाठ आली असेल तर.

सेन्सरची ठरलेली फसगत रात्रीची. पहाटे तीनला अलार्म, ५८. बोट टोचलं तर ११०. सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबाने तिथला द्रव बाजूला सरतो आणि आकडा खोटा पडतो. कूस बदलली की काही मिनिटांत तो वर येतो.

हे दोघं एकमेकांशी जोडलेही जातात. ओम्नीपॉड ५ ला एफडीएची मान्यता जानेवारी २०२२ मध्ये मिळाली. त्यात सेन्सरचा आकडा दर ५ मिनिटांनी पॉडकडे जातो आणि पॉड बेसल आपोआप कमी-जास्त करतो. जेवणाचा बोलस तरीही माणसालाच द्यावा लागतो. आणि एकाची चूक आता दुसऱ्याला लागते: कुशीवर झोपल्याने आलेला खोटा ५८ बघून पॉड बेसल थांबवतो, आणि सकाळी खरी साखर २२०. अशा जोडीत दोन्ही शरीराच्या एकाच बाजूला, पण एकमेकांपासून ७-८ सेंमी लांब लावावीत. अंगातलं पाणी ब्लूटूथ अडवतं. सेन्सर डाव्या दंडाच्या मागे आणि पॉड उजव्या कमरेवर असेल तर दोघांचा संपर्क तुटत राहतो.

मुंबईत दोघांचाही समान शत्रू म्हणजे घाम. मे महिन्यात आणि पावसाळ्यात चिकटपट्टी कडेने उचलली जाते, आणि गर्दीत दरवाज्याचा दांडा किंवा कुणाच्या बॅगेचा पट्टा उरलेलं काम करतो. चिकटवायच्या आधी त्या जागी तेल, मॉइश्चरायझर, पावडर नको. आंघोळीनंतर लगेच नको, अंग पूर्ण थंड झाल्यावर. दाट केस असतील तर आदल्या दिवशी कापा. रोज विरारची गाडी पकडणाऱ्याने दंडापेक्षा पोट किंवा कमरेचा वरचा भाग पॉडसाठी निवडावा. सेन्सर त्याच्या नेमलेल्या जागीच लावायचा. वरून पारदर्शक पट्टी लावताना लिब्रेच्या मधलं बारीक छिद्र झाकू नका. पोहायला दोन्ही चालतात, पण सारखी नाहीत: पॉड ७.६ मीटर खोलीपर्यंत तासभर, लिब्रे १ मीटरपर्यंत अर्धा तास. तरणतलावात रिमोट काठावर राहतो, संपर्क तुटतो, पण पॉडचं आधी ठरवलेलं बेसल चालूच राहतं.

एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या आधी पॉड काढावाच लागतो, सेन्सर काढायचा का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा; नवीन पॉड आणि सेन्सर सोबत न्या, म्हणजे परतीच्या वाटेवर अंगात इन्सुलिनच नाही असं होणार नाही. मेट्रोच्या तपासणी दारातून जायला हरकत नसते, पण झडतीत पॉड हाताला लागतोच. डॉक्टरांचं एका ओळीचं पत्र पाकिटात असू द्या.

खर्चाचा अंदाज वर्षाच्या आकड्यांवरून येतो: पॉड सुमारे १२२, चौदा दिवसांचे सेन्सर २६. हात आखडता घ्यायचा असेल तर बहुतेकांनी आधी सेन्सर घ्यावा आणि पेन चालू ठेवावं, असं आमचं मत. साखर दिसत नसताना पंप चालवायचा तर दिवसातून निदान चार-सहा वेळा बोट टोचण्याची तयारी हवी.

घराबाहेर पडताना पॉडवाल्याच्या पिशवीत एवढं हवंच: एक जादा पॉड, जलद इन्सुलिनचं पेन आणि सुया, ग्लुकोमीटर, कीटोनच्या पट्ट्या, ग्लुकोज पावडर, आणि पंप बंद पडला तर लांब पल्ल्याचं इन्सुलिन किती घ्यायचं हे डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद. स्कूटरच्या डिकीत हे ठेवू नका. उघडलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या वर टिकत नाही, आणि मे महिन्यातली डिकी त्याच्या कितीतरी पुढे जाते.