कथनमीमांसा

गोष्टीत काय घडते यापेक्षा ते कोणत्या क्रमाने, कोणाच्या तोंडून आणि किती राखून सांगितले जाते, याचा अभ्यास करणारी साहित्यविचाराची शाखा. मूळ फ्रेंच संज्ञा त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६९ मध्ये रूढ केली. विचार मात्र पुष्कळ जुना आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेतील दैवाची उलटापालट आणि ओळख पटण्याचा क्षण यांची चर्चा केली होती. नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितले आहेत. त्यांपैकी गर्भसंधीत फळ हाती लागल्यासारखे वाटते, निसटते आणि पुन्हा शोधावे लागते. उत्कंठेचे इतके नेमके वर्णन पुढेही फारसे कोणी केलेले नाही.

विसाव्या शतकात रशियन रूपवाद्यांनी, म्हणजे आशयापेक्षा रचनेकडे पाहणाऱ्या समीक्षकांनी, घडलेल्या घटनांचा क्रम आणि सांगितलेले कथानक यांत भेद केला. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांचा सांगाडा ३१ कार्यांत, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक कृतींत, बसवला. सांगाडा पक्का आहे, पण ऐकणारा श्वास का रोखतो हे त्यातून कळत नाही. झेरार झेनेत यांनी १९७२ मध्ये क्रम, कालावधी व वारंवारता यांचा हिशेब मांडला आणि ‘बोलतो कोण’ व ‘पाहतो कोण’ हे दोन प्रश्न वेगळे केले. मेअर स्टर्नबर्ग यांनी ओढीचे तीन प्रकार केले : पुढे काय होईल ही उत्कंठा, मागे काय झाले असेल हे कुतूहल आणि काही लपवले होते हे उशिरा कळल्याचा धक्का.

कालिदासाचे शाकुंतल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. महाभारतातील दुष्यंताला सारे आठवत असते. तो आठवत नसल्याचे बोलतो, आणि हे श्रोत्याला तिथल्या तिथे सांगितले जाते. तिथे शाप नाही, अंगठीही नाही. कालिदासाने ही दोन्ही आणली आणि कोणाला काय ठाऊक याची वाटणीच बदलली. दुर्वासांचा शाप दोघी सख्यांच्या आणि प्रेक्षकाच्या कानी पडतो, शकुंतलेच्या नाही. निरोप घेताना सख्या एवढेच सुचवतात की राजाने ओळखले नाही तर अंगठी दाखव. पाचव्या अंकात ती बोट चाचपते, तर ते रिकामे. शाप माहीत असल्यामुळे प्रेक्षक आधीच धास्तावलेला असतो; अंगठी हरवल्याचे मात्र त्यालाही तिच्याबरोबरच कळते. एकाच दरबारात उत्कंठा आणि धक्का. दुष्यंत खलनायक न ठरता कीव येण्याजोगा वाटतो, तोही या वाटणीमुळेच; घटना जवळजवळ त्याच राहूनही अर्थ पालटतो.

रोलाँ बार्थ यांनी १९७० मध्ये फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या एका कथेचे तुकडे पाडून वाचन केले आणि कोड्याचे उत्तर लांबवण्याच्या युक्त्या दाखवल्या : हूल, अर्धवट उत्तर, अडथळा. मराठी घरांत यासाठी बाल्झाक लागत नाही. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराशी येतो. “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” “थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.” मग अंग पुसणे, काजळ, तीट. कथेचा शेवट घरोघरी वेगळा असतो. दाराबाहेरचे ताटकळणे मात्र तेच.

हीच गोष्ट मूल रोज रात्री मागते आणि काजळ विसरले तर सांगणाऱ्याला अडवते. शेवट पाठ असताना उत्कंठा कशी टिकते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते गोष्टीत शिरलेले मन माहीत असलेले निकाल बाजूला ठेवते. तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांचे म्हणणे असे की माहिती जात नाही, पण निकाल अजून लागायचा आहे अशी कल्पना करणे पुरेसे होते. आणखी काही जण त्या अनुभवाला उत्कंठा न म्हणता अपेक्षेचा आनंद म्हणतात. चिमणीच्या गोष्टीला हे तिसरे उत्तर अधिक लागू पडते, कारण तिथे मूल दार उघडण्याची नव्हे, पुढच्या ‘थांब’ची वाट पाहत असते.