पार्श्वभूमी: स्प्रेडशीटमधला स्कॅटर प्लॉट आणि आडव्या अक्षाचा घोळ

दोन मोजमापांची जोडी एका बिंदूने दाखवायची पद्धत, म्हणजेच स्कॅटर प्लॉट, १८३०च्या दशकात जोडताऱ्यांच्या कक्षा काढताना वापरली गेली. १८८६च्या आसपास आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासातून तिला सहसंबंधाची (दोन मोजमापे किती एकत्र बदलतात याच्या मापाची) जोड मिळाली. आज आपल्याला छळणारा आडव्या अक्षाचा गोंधळ मात्र स्प्रेडशीटच्या काळातला आहे.

१९७९च्या व्हिजिकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीटमध्ये आकडेमोड होती, आलेखासाठी वेगळा प्रोग्राम घ्यावा लागे. १९८३च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने आलेख आत आणला. त्यात रेषालेख आणि एक्स-वाय आलेख (म्हणजेच स्कॅटर) हे दोन वेगळे प्रकार होते आणि एक्सेलनेही ही विभागणी ठेवली. रेषालेखात पहिला कॉलम ही निव्वळ नावे मानली जातात आणि ती समान अंतरावर मांडली जातात. महिनावार विक्रीला ते चालते. पण नोंदी १, २, ५ आणि २०व्या मिनिटाला घेतल्या असतील, तर ५ ते २० हे अंतर १ ते २ एवढेच दिसते. एकाच वेगाने होणारी वाढ शेवटी एकदम उसळल्यासारखी भासते. तारखांसाठी पुढे वेगळा अक्ष आला, साध्या आकड्यांना तो आधार मिळाला नाही. कचेरीतल्या अहवालांचा विचार करून झालेली ही निवड प्रयोगाच्या नोंदी ठेवणाऱ्यांना महाग पडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्कॅटर निवडूनही सुटका होतेच असे नाही. एक्सच्या कॉलममध्ये एका जागी जरी ‘नोंद नाही’ असा मजकूर राहिला, तरी एक्सेल सगळ्या किमती सोडून १, २, ३ असे क्रमांक धरते आणि तसे सांगतही नाही. म्हणून अक्षावरचे आकडे आधी मूळ कॉलमशी ताडून पाहावेत.

ट्रेंडलाइन (बिंदूंमधून बसवलेली रेषा) एका क्लिकवर आल्यापासून तर बिंदूंआधी आर-वर्ग, म्हणजे रेषा बिंदूंना किती जुळते याचा आकडा, वाचला जातो. १९७३च्या एका लेखात ११-११ बिंदूंचे चार संच दिले होते. चारही संचांचा सहसंबंध ०.८१६च्या आसपास आणि रेषाही जवळपास एकच. प्रत्यक्षात एक संच साधारण सरळ, दुसरा वक्र, तिसऱ्यात एकच बिंदू रेषेबाहेर आणि चौथ्यात सगळी रेषा एका दूरच्या बिंदूवर उभी.

२००७मध्ये एक्सेलच्या ओळी ६५,५३६वरून १०,४८,५७६वर गेल्या आणि बिंदूंवर बिंदू चढून नुसता डाग दिसू लागला. अशा वेळी खूण लहान आणि अर्धपारदर्शक केली की दाट भाग वेगळा उठून दिसतो.