चेंडू वर गेला म्हणजे स्नायू बळावला असे नाही

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेत छातीच्या डॉक्टरांना दाखवून परतणाऱ्या दम्या-खोकल्याच्या जुन्या रुग्णाच्या पिशवीत कधीकधी इनहेलरसोबत तीन रंगीत चेंडूंचे प्लास्टिकचे उपकरणही असते. चेंडू वर उचलले की फुप्फुसे मजबूत होतात, असा घरोघरी समज आहे. वास्तविक हे उपकरण शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने दीर्घ श्वास घ्यावा आणि फुप्फुसाचा भाग मिटून राहू नये, यासाठी आहे; त्यात श्वासाला अडथळा अगदी थोडा असल्याने स्नायूंना भार असा पडतच नाही.

सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजारात, मग तो विडीमुळे असो वा चुलीच्या धुरामुळे, श्वासनलिका अरुंद होतात, आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसे फुगलेलीच राहतात. त्यांच्या दाबाने छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे घुमटाकार श्वासपटल खाली सरकून सपाट होते, त्याचे तंतू आखूड होतात आणि आखूड झालेल्या स्नायूला जोर लावता येत नाही. चार पायऱ्या चढताच धाप लागण्यामागे हेही एक कारण असते.

स्नायूंच्या खऱ्या प्रशिक्षणासाठी स्प्रिंगची झडप असलेली छोटी नळी वापरतात. नाकाला चिमटा लावून नळी तोंडात घट्ट धरायची आणि श्वास ओढायचा. ठरवलेल्या दाबाइतका जोर लागेपर्यंत झडप उघडतच नाही. बाहेर सोडताना मात्र अडथळा नसतो. रुग्ण जास्तीत जास्त किती दाबाने श्वास ओढू शकतो हे आधी मोजून साधारण त्याच्या ३० टक्के किंवा अधिक भार ठेवतात आणि ताकद वाढेल तसा तो वाढवतात. हे मोजमाप न करता नळी विकत आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे माझे मत आहे.

फायदा किती? अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हा व्यायाम एकटाच केल्यास धाप, चालण्याची क्षमता आणि जीवनमान यांत सुधारणा दिसते, पण ती प्रत्येक वेळी रुग्णाला जाणवेल इतकी मोठी असेलच असे नाही. चालणे, सायकल आणि हातापायांचे व्यायाम असलेल्या फुप्फुस पुनर्वसनात त्याची भर घातल्यास स्नायूंची ताकद वाढते, पण धाप किंवा चालण्याचे अंतर यांत फारसा जादा लाभ दिसत नाही. म्हणून अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्याने फिरणे सोडून नळी धरू नये. ज्यांना चालणेच जमत नाही, किंवा ज्यांचे श्वसनस्नायू मोजणीत स्पष्ट कमकुवत निघाले आहेत, त्यांच्यासाठी ती अधिक कामाची आहे. व्यायाम थांबवला की मिळवलेली ताकद हळूहळू ओसरते, आणि छातीत हवा शिरून फुप्फुस मिटण्याचा प्रसंग पूर्वी घडलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नळी तोंडाला लावू नये.