श्रावणातली मिशी आणि केसातलं पाणी

श्रावण लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच घरांत दाढीचं सामान महिनाभर फळीवर जातं. श्रावण संपून गणपती जवळ आले की सलूनमधलं बाकडं पुरत नाही. त्या गर्दीत दोन गोष्टी हमखास कानावर येतात. एक तक्रार, "मिशी बसंना झालीय बघा, कितीबी पीळ द्या, खालीच येतीय." आणि एक सल्ला, "पोराला इतक्यात ब्लेड लावू नका, केस राठ येतील." तक्रारीत भरपूर विज्ञान आहे, सल्ल्यात अजिबात नाही. म्हणून सल्ल्याचा निकाल आधी लावून टाकू.

केसाची जाडी त्वचेखालच्या मुळात ठरते. बाहेर दिसतो तो केस मृत असतो. ब्लेड फक्त हा मृत भाग कापतं, मुळाला त्याची खबरही लागत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापल्यावर मधलं जाड तोंड वर येतं, म्हणून खुंट हाताला राठ लागतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली मोजमापं घेऊन दाखवलं, की दाढी केल्यानं केस जाडही होत नाहीत आणि भराभर वाढतही नाहीत. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी सल्ला आपला तसाच. पोराची दाढी दाट होते ती वयानं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते गालावरच्या मऊ लवेचे राठ केस करतं. हे काम विशीतही चालू असतं. केसांची मुळं किती, हे तर जन्माआधीच ठरलेलं असतं. तेव्हा काही आठवड्यांत भरघोस दाढीचं आश्वासन देणारं तेल नवं मूळ कुठून आणणार? राहता राहिला शनिवारी दाढी करू नये हा दंडक. श्रावण पाळणं ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, पण केसाला वार कळत नाही.

आता मिशी. आमच्या भागाला मिशीचं कौतुक जरा जास्तच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे गल्लोगल्ली निवृत्त सुभेदारांच्या पीळदार मिशा दिसतात. त्यातच निसर्गानं या एका जिल्ह्यात दोन हवामानं ठेवली आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर कणकुंबी. मलप्रभा तिथं उगम पावते आणि पावसाळ्यात धुकं उठायचं नाव घेत नाही. पूर्वेला पर्जन्यछायेतली अथणी. अथणीत सकाळी ताव मारलेली मिशी संध्याकाळपर्यंत ताठ राहते. तीच मिशी कणकुंबीच्या धुक्यात नेली, की तासाभरात ओठावर लोळायला लागते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं जाळायचीही गरज पडत नाही, नुसती हवा पुरते.

याचं कारण केसाच्या रचनेत आहे. केस म्हणजे मुख्यतः केराटिन हे प्रथिन. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना दोन तऱ्हेच्या बंधांनी धरून असतात. गंधकाचे बंध पक्के असतात, ते तोडायला रसायनंच लागतात. (केस जळल्यावर जो घाण वास येतो, त्यात या गंधकाचा वाटा मोठा.) हायड्रोजन बंध कच्चे असतात, पण त्यांची संख्या प्रचंड. कोरड्या केसाचा ताठपणा बराचसा यांच्यावर उभा असतो. हवेतली वाफ केसात शिरली की पाण्याचे रेणू दोन साखळ्यांच्या मध्ये घुसतात. साखळ्या एकमेकींचा हात सोडून पाण्याचा धरतात. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी पिऊन बसतो.

खरी गंमत याच्या पुढे आहे. भिजलेला केस जाडीनं सुमारे १५ टक्के फुगतो, लांबीनं जेमतेम २ टक्के वाढतो. असा दुजाभाव का? केसात उभ्या रांगेनं केराटिनचे अतिसूक्ष्म, शिस्तशीर तंतू असतात आणि त्यांच्या भोवती गंधकानं समृद्ध असं विस्कळीत प्रथिन भरलेलं असतं. स्लॅबमध्ये सळ्या आणि काँक्रीट असतं तसंच. पाणी या सळ्यांना फारसं शिवत नाही, मऊ पडतं ते काँक्रीट. केस ताणला तर जोर सळ्यांवर येतो, म्हणून ओला केसही बऱ्यापैकी टिकून राहतो. पण केसाला पीळ दिला तर जोर येतो भोवतालच्या भरणावर, आणि तेच तर भिजून ढिलं झालेलं असतं. त्यामुळे दमट हवेत ताणाला होणारा विरोध घटतो त्याहून पिळाला होणारा विरोध कितीतरी अधिक घटतो. पिळाची मिशी पडते आणि साधी झुबकेदार मिशी त्या मानानं तग धरते, याचं मूळ हेच.

दुपारी ऊन पडलं तरी मिशी लगेच का सावरत नाही, याचंही उत्तर आहे. समजा, हवेतली आर्द्रता ७० टक्के आहे. कोरड्या हवेतून चढत या आकड्यावर आलेल्या केसात जेवढं पाणी असतं, त्यापेक्षा धुक्यातून उतरत इथंच पोचलेल्या केसात जास्त असतं. म्हणजे केसातलं पाणी आत्ताच्या हवेवर ठरतं तसं ते आधीच्या हवेवरही ठरतं. वर गरम चहाचा कप ओठाला लावला, तर सगळी मेहनत वाफेवर जाते.

तेल लावून काय होतं? वाफ आत शिरायला उशीर लागतो, इतकंच. दिवसभर धुक्यात राहिलं तर केस शेवटी पाणी घेतोच. मेण पाणी अडवण्यापेक्षा केसांना एकमेकांना चिकटवून धरतं, म्हणून ते जास्त कामाचं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ओली मिशी हव्या त्या वळणात धरून ड्रायरनं वाळवणं. पाणी निघून जाताना हायड्रोजन बंध त्याच वळणात पुन्हा जुळतात. झोपताना घामेजलेली दाढी उशीवर चेपून सकाळी एका गालावर आडवी होते, तीही याच न्यायानं.

केसाच्या या स्वभावाचा पहिला पद्धतशीर उपयोग जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी केला. १७८३ साली त्यांनी माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक प्रसिद्ध केलं. पुढे तशी केसांची यंत्रं विसाव्या शतकापर्यंत वेधशाळांत चालली. घरी करून बघायचं असेल तर डोक्याचा २० सेंटिमीटरचा केस शाम्पूनं धुऊन त्याचं तेल काढा, खिळ्याला बांधा आणि खाली छोटं वजन लावा. अगदी कोरड्या हवेपासून धुक्यापर्यंत तो चार-पाच मिलिमीटर लांबतो. मिशीचा केस यासाठी घेऊ नका, लांबी पुरत नाही.

मिशीच्या मुळावर येणारं हेच पाणी दाढीच्या वेळी मात्र कामाला येतं. केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की कापायला बराच कमी जोर लागतो. जुने कारागीर ब्रश फिरवत बसतात, तो वेळ वाया जात नसतो. घाई करून कोरड्या दाढीवर ब्लेड ओढलं की त्वचा सोलते, शिवाय हनुवटीखालचे केस चारी दिशांनी उगवलेले असल्यानं उलटा हात फिरतो. फार खोल कापलेल्या केसाचं अणकुचीदार टोक त्वचेच्या आत राहतं आणि वाढताना तिथंच रुततं. कुरळ्या केसांच्या लोकांना हा त्रास अधिक. मग तो केस चिमट्यानं उपटायचा, तिथं जंतू शिरायचे आणि दोन दिवसांत केसतोड.

ब्लेडची धार का जाते, हे कोडं अलीकडे उलगडलं. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो, मग पोलाद हरतं कसं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापताना पाहिलं. २०२० साली त्यांनी सांगितलं, की धार एकसारखी झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना असमान असली, तर टवका निघतो. सरळ उभा कापला जाणारा केस पात्याचं फारसं काही बिघडवत नाही.