टायमरवरचे एसी आणि नेटवर्कवरचे एसी: फरक कुठे पडतो

सर्व्हर रूममध्ये दोन एसी बसवले आणि मध्ये एक डबी लावली, की बरेच जण सांगतात, "आमचे एसी नेटवर्कवर आहेत." ती डबी उघडून बघा. आत बहुतेक वेळा सिक्वेन्स टायमर निघतो, म्हणजे एक घड्याळ आणि दोन कॉन्टॅक्टर (एसीची वीज जोडणारे-तोडणारे स्विच). सहा तास पहिला एसी, सहा तास दुसरा. दोन्ही मशीन सारखी झिजतात, कॉम्प्रेसरला आराम मिळतो. एटीएमच्या खोलीला किंवा एखाद्या रॅकला एवढं पुरतंही.

पण टायमरला फक्त वेळ कळते. एका ठिकाणी रविवारी सकाळी मला बोलावलं होतं. पाळीवरच्या एसीचा गॅस गळून गेलेला, ब्लोअर मात्र जोरात फिरत होता आणि गरम हवा फेकत होता. हातभर अंतरावर दुसरा एसी धडधाकट, पण त्याची पाळी यायला अजून तीन तास होते. तोवर सर्व्हर तापून बंद पडले होते. म्हणून टायमर घ्यायचाच, तर तापमानाचा सेन्सर असलेला घ्या. खोली ठरावीक अंशापुढे तापली, की तो दोन्ही एसी चालू करतो. एसीला ऑटो रीस्टार्ट, म्हणजे वीज आली की आपणहून सुरू होण्याची सोय, आहे का, तेही आधी तपासा. नसेल, तर पाळी आल्यावरही तो रिमोटची वाट पाहत बसेल.

नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनचा कंट्रोलर दुसऱ्याशी बोलतो. तापमान, आर्द्रता, अलार्म सगळ्यांना कळतात. एकाला अलार्म आला, की स्टँडबाय, म्हणजे राखीव ठेवलेला एसी, आपणहून सुरू होतो. पाळी बदलणं तर यात असतंच.

याहून मोठा फायदा प्रिसिजन एसीत, म्हणजे सर्व्हर रूमसारख्या खोल्यांसाठीच बनवलेल्या एसीत दिसतो, कारण ते आर्द्रताही सांभाळतात. समजा एकाच खोलीत एकाचा सेन्सर 42 टक्के दाखवतोय, दुसऱ्याचा 58. पहिलं मशीन पाणी उकळून वाफ सोडतं. दुसरं तीच वाफ कॉइलवर धरून ड्रेनमधून बाहेर काढतं, आणि त्यात हवा फार गार झाली म्हणून हीटर लावतं. खोलीत हात फिरवून पाहिलं तर सगळं ठीक वाटतं, पण विजेचा मीटर पळत असतो. नेटवर्कवर सेन्सरची सरासरी घेऊन सगळ्यांना एकच हुकूम देता येतो, मग ही ओढाताण थांबते. सेन्सर मात्र वेळोवेळी तपासावेच लागतात. चुकलेल्या आकड्याची सरासरीही चुकणारच.

वायरिंगमध्ये घाई करू नका. आरएस-485 (मशीनना आपसात बोलायला वापरतात ती तारेची जोडणी) असेल, तर केबल एका मशीनकडून पुढच्याकडे अशी रांगेत न्यायची, सगळ्या एका जागी आणून जोडायच्या नाहीत. दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर, आणि प्रत्येक मशीनला वेगळा ॲड्रेस. दोन कंपन्यांची मशीन असतील, तर तार जुळली तरी भाषा जुळेलच असं नाही, हे खरेदीआधी विचारा.

काम ताब्यात घेताना मी दोन चाचण्या करायलाच लावतो. आधी चालू मशीनचा मेन पाडायचा आणि स्टँडबायचा ब्लोअर उठेपर्यंत तिथेच उभं राहायचं. मग सगळं पूर्ववत करून नेटवर्कची केबल उपसायची. आता प्रत्येक मशीन आपापल्या सेन्सरवर एकट्याने चालत राहिलं पाहिजे. एखादं गप्प बसलं, तर सही थांबवायची.